टेमघरला मान डावीकडे का वळते

६ फेब्रुवारी २००७, मंगळवार, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी आमची व्हॅन टेमघरच्या एका मंगल कार्यालयासमोर थांबली. दार सरकवताच डॉक्टर मला काहीतरी म्हणाले; मला त्यांचे ओठ हललेले तेवढे दिसले. कार्यालयाच्या तिन्ही अंगांना पत्र्याच्या छपरांचे कारखाने होते आणि प्रत्येकातून यंत्रमागांचा खडखडाट एकसारखा बाहेर पडत होता. सांगलीला आमच्या घरामागे पिठाची गिरणी आहे. तिच्या आवाजाबद्दल आम्ही दोनदा तक्रार केली होती. त्या दोन्ही तक्रारी मी मनातल्या मनात मागे घेतल्या.

ज्यांनी भिवंडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. हे शहर ठाण्यापासून तासाभराच्या वाटेवर आहे आणि ठाण्यात डोळ्यांवर उपचार करणाऱ्यांची वाण नाही. पण बारा तासांच्या पाळीत उभ्या असलेल्या माणसाला हा एक तास ओलांडता येत नाही. दिवसपाळीचा कामगार सुटतो तेव्हा दवाखाने मिटलेले असतात. रातपाळीचा सुटतो तेव्हा त्याचे डोळे मिटत असतात. म्हणून ठाण्याच्या ज्या नेत्ररुग्णालयात मी दृष्टिमापक म्हणून आठ महिन्यांपूर्वी रुजू झाले होते, त्याने स्वतःच भिवंडीला जायचे ठरवले. मंगळवारी टेमघरचे यंत्रमाग कामगार, बुधवारी राहनाळच्या गोदामांतले हमाल आणि पॅकिंगच्या बायका, गुरुवारी खारबाव आणि भोवतालचे पाडे. शुक्रवारी सकाळी सात वाजता टेमघरहून बस सुटणार होती. मोतीबिंदूचे निवडलेले रुग्ण तिच्यातून ठाण्याला येणार आणि त्यांची शस्त्रक्रिया विनामूल्य होणार. पुढची फेरी पावसाळा उलटल्यावर.

तपासणीची पद्धत माझी होती. डॉक्टर एकच होते आणि रांग मोठी असणार होती, तेव्हा त्यांचा वेळ वाचवणे हे माझे उद्दिष्ट. भिंतीवर तक्ता लावायचा. त्यावर इंग्रजी ई हे अक्षर चारही दिशांना फिरवून छापलेले असते, वरची ओळ सर्वांत मोठी आणि खाली उतरत लहान. सहा मीटरवर बसलेल्या माणसाला लिहितावाचता येण्याची गरज नसते. अक्षराचे पाय ज्या बाजूला उघडतात ती बाजू त्याने हाताने दाखवायची. फक्त वरचे सर्वांत मोठे अक्षर दिसले तर नोंद ६/६०. शेवटची ओळ वाचली तर ६/६. मधल्या ६/१८ च्या ओळीपर्यंत दोन्ही डोळ्यांनी जो पोचेल त्याला डॉक्टरांच्या टॉर्चसमोर बसवायचे नाही, त्याने चष्म्याच्या टेबलावर जायचे किंवा घरी. नावे लिहून घ्यायला दारातल्या पहिल्या टेबलावर एका कारखान्याचे मेहताजी बसले होते. मेहताजी म्हणजे कारखान्यातली हजेरी आणि कापडाचे तागे लिहिणारा कारकून. त्यांना प्रत्येकाचे नाव, गाव आणि पाळी पाठ. ही व्यवस्थाही मीच सुचवली होती आणि तिच्यावर मी खूश होते.

पहिली अडचण कापसाची आली. कामगारांच्या केसांवर, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर पांढरे तंतू बसलेले असतात. पंचविशीचा माणूस दारातून आत येतो तो पन्नाशीचा होऊन. तासाभरात ते तंतू माझ्या भिंगांच्या पेटीत उतरले. एका विणकराने मला नम्रपणे सांगितले की मॅडम, तुमच्या काचेतून धुके दिसते, चष्म्याशिवाय बरे होते. मी ती काच पुसली आणि पेटीवर ओढणी टाकली. दहा वाजता वीज गेली. कारखाने एकाएकी गप्प झाले आणि तेव्हा कळले की आम्ही सगळे किती ओरडून बोलत होतो.

त्याच सुमारास मला ती गोष्ट दिसली.

तक्ता वाचताना विणकरांची मान किंचित डावीकडे वळत होती. सगळ्यांची नाही, पण चाळिशीच्या पुढच्या बऱ्याच जणांची, आणि लहान ओळींवर जास्त. डावा डोळा झाकला की वळण आणखी वाढे. मी वहीच्या मागच्या पानावर वेगळा रकाना आखला. माणूस वर्षानुवर्षे एकाच कोनातून मागाच्या रुंदीवर नजर फिरवत असेल, तर डोळ्यांच्या आणि मानेच्या स्नायूंना तशी सवय लागणे शक्य आहे. हा व्यवसायजन्य दोष असेल आणि आधी कोणी टिपला नसेल, तर तो मी लिहिणार होते. कोणत्या परिषदेत वाचायचा हेही माझे ठरून गेले.

दुपारी सुभाष नावाच्या विणकराने मला कारखाना दाखवला. तो मूळचा सोलापूरकडचा, पस्तिशीचा, रांगेत सकाळपासून कोणा ना कोणाला घेऊन येणारा. वीज आली होती. आत पाऊल टाकल्यावर आवाज कानांत न शिरता छातीत शिरला. सुभाष सहा माग सांभाळतो. पलीकडचे सहा रहमतचाचांचे. चाचा आजमगढकडचे, बावन्न वर्षांचे, दाढी आखूड, बोलणे त्याहून आखूड. सकाळी त्यांनी माझ्यासमोर पाचवी ओळ वाचली होती; दोन्ही डोळे ६/१२, नोंद मीच केलेली.

त्या खडखडाटात कोणी कोणाला हाक मारत नव्हते. सुभाषने अंगठा ओठांकडे नेला, चौथ्या रांगेतल्या एकाने दोन बोटे दाखवली, आणि थोड्या वेळाने दोन कटिंग चहा आले. धाग्याची कांडी संपली, तार म्हणजे उभा धागा तुटला, मुकादम आला, तू जा मी बघतो, हे सगळे बोटांनी आणि मनगटाने, आडवा धागा ओढणाऱ्या धोट्याच्या दोन फेऱ्यांच्या आत. मी हे फार कौतुकाने पाहिले. वहीत त्यावर अर्धे पान लिहिलेले आहे. अर्ध्या पानानंतरही माझ्या डोक्यात काही पेटले नाही, हे नमूद करणे भाग आहे.

राहनाळ, बुधवार

राहनाळला भाताची शेते एका बाजूला आणि गोदामांच्या लांबच लांब भिंती दुसऱ्या. शेते गोदामांना दिलेली माणसे आता त्याच गोदामांची मालक आहेत किंवा त्यांचे भाडे खातात, असे एका गृहस्थांनी समजावले. इथल्या गोदामात शांतता होती. तक्ता खोक्यांच्या थप्पीला टेकवला. हमाल एकेक करून येत, नीट समोर बघत आणि बिनधास्त चुकत. एकाने तर तिसऱ्या ओळीवर हात खाली सोडला. "ताई, आता अंदाजाने सांगू की खरं?"

"खरं सांगा."

"मग उठतो."

पॅकिंगच्या बायकांपैकी निम्म्याजणी चिकटपट्टीचे टोक नखाने शोधतात, डोळ्यांनी नाही. हे त्यांनी हसत हसत सांगितले. चाळिशीचा चष्मा ही वस्तू आपल्यासाठी असते हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यातल्या एकीला मी दीड नंबरची काच धरून दिली तेव्हा तिने आधी पट्टीकडे पाहिले नाही, स्वतःच्या हाताकडे पाहिले, उलटसुलट करून. "किती घाण हात गं माझे," ती म्हणाली आणि साबण मागायला निघून गेली.

राहनाळला दिवसभरात एकाही माणसाची मान डावीकडे वळली नाही. माझ्या आनंदाला सीमा राहिली नाही. विणकरांमध्ये आहे, हमालांमध्ये नाही: तुलनेसाठी याहून स्वच्छ गट मागूनही मिळाला नसता. एक गोष्ट मात्र खटकत होती. राहनाळच्या पन्नाशीच्या लोकांची दृष्टी त्या वयाला शोभेल इतकी उतरलेली होती. टेमघरच्या पन्नाशीच्या लोकांची दृष्टी तरुणांसारखी होती. दिवसाचे बारा तास कापसाच्या धुळीत तार शोधणाऱ्यांची दृष्टी चांगली आणि खोकी उचलणाऱ्यांची वाईट, हे कसे? मी त्याचेही उत्तर शोधले: ज्यांना दिसत नाही ते आधीच हे काम सोडून गेले असतील. उत्तर मला पटले. आपल्याला हवे असलेले उत्तर फार पटकन पटते.

मुक्काम टेमघरलाच, हिरावयनींच्या घरी होता. हे इथले जुने आगरी घर. सासऱ्यांच्या वेळी खाडीकाठी मीठ आणि भात होते. आता मागच्या आवारात खोल्यांची चाळ आहे आणि त्यात विणकर भाड्याने राहतात. मंगळवारी घरात मासे नसतात म्हणून पहिल्या रात्री वालाचे बिरडे मिळाले. बुधवारी त्याची भरपाई झाली. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि बोंबलाचे कालवण. आमच्याकडे भाकरी ज्वारीची, तिला चावावे लागते. ही तांदळाची भाकरी मऊ, पांढरी, दुमडली तरी न मोडणारी. मी तिचा घास सांगलीच्या सवयीने मोठा घेतला आणि बोंबलाचा काटा घशात घेऊन बसले.

"कोरडी भाकर गील, बाय. चावू नको, गील," वयनी म्हणाल्या. काटा उतरल्यावर त्यांनी माझ्या पानात दुसरा बोंबील वाढला, काटा काढून. "सांगलीला मासं न्हायत?"

"नदीचे असतात. आमच्या घरी करत नाहीत."

"मंग तुमी खाता काय?"

हा प्रश्न त्यांनी खऱ्या काळजीने विचारला होता.

जेवता जेवता मी त्यांना माझा शोध सांगितला. कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप आली नसती. विणकरांची मान, डावी बाजू, झाकलेला डोळा. उदाहरण म्हणून त्यांच्याच भाडेकरूचे नाव घेतले: रहमतचाचांची मान सर्वांत जास्त वळते, आणि तरी या वयात दृष्टी पाहा, पाचवी ओळ.

वयनींचा हात पातेल्यावर थांबला. "कोनाला दिसतंय?"

"रहमतचाचांना."

"त्या म्हाताऱ्याला? अगो, त्याचे डोले गेले. दिवाली झाल्यापासनं माज्या तुलशीला दोनदा धडकलाय. नलावर येतो तो पावलं मोजीत येतो. सोला पावलं. मी येक दिस बादली मधी ठेवली तर पडला."

"पण त्यांनी मला तक्ता वाचून दाखवला."

"त्यानं वाचला? का सुबाषनं?"

मी मंगल कार्यालय डोळ्यांसमोर उभे केले. समोर तक्ता, तक्त्यापाशी छडी घेऊन मी. सहा मीटरवर खुर्ची. रांग कुठे होती? भिंतीलगत, खुर्चीतल्या माणसाच्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर. मी छडीने अक्षर दाखवताना माझी नजर तक्त्यावर, रांगेतले हात माझ्या पाठीमागे. डावा डोळा झाकलेला असेल तर डावीकडचे दिसायला नाक आड येते, मान जास्त वळवावी लागते. सगळे माझ्या रकान्यात होते. मीच लिहून ठेवले होते.

"भाकर थंड झाली," वयनी म्हणाल्या.

माझा शोध गेला याचे दुःख मला झाले. सुमारे दहा मिनिटे झाले. मग हिशेब दुसऱ्या बाजूने दिसू लागला. ज्यांना खुणा मिळाल्या त्यांना मी माझ्या हाताने ६/१२ लिहून घरी पाठवले होते. माझ्याच नियमामुळे त्यातला एकही डॉक्टरांच्या टॉर्चसमोर बसला नव्हता. बस शुक्रवारी सातला होती.

टेमघर, गुरुवार सकाळ

डॉक्टरांना मी पहाटेच फोन करून सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. "मी खारबावला सुरू करतो, तू दुपारपर्यंत ये. जितके परत मिळतील तितके मिळव." एवढेच.

तक्ता वयनींच्या अंगणात, गोठ्याच्या भिंतीला लावला. मेहताजी नाहीत, टेबल नाही, वही नाही. रातपाळी सुटून आलेले आणि दिवसपाळीला जाणारे चाळीच्या मागे थांबले. एकेकाला वयनी दंडाला धरून आणत. खुणा करणाऱ्याला पोचता येईल अशी जागा मी शिल्लक ठेवली नव्हती. सुभाषला मी आधी बोलावले.

"तुम्ही काय केलंत ते मला कळलंय."

त्याने मान खाजवली. "मॅडम, तुम्हीच म्हणालात हाताने दाखवा. आम्ही हाताने दाखवलं."

"तुम्ही दाखवायचं नव्हतं. ज्याचा डोळा त्याने दाखवायचं होतं."

"एकाचं अडलं तर दुसरा हात करतो. कारखान्यात असंच चालतं. आणि मेहताजी दारात बसलेले. मेहताजी नाव लिहून घेतात आणि पुढे कोणीतरी डोळे तपासतं, म्हणजे काय समजायचं आम्ही? सेठला यादी पाहिजे, कोण ठेवायचा, कोण काढायचा. मग कोणी नापास कशाला व्हायचं?"

मी दृष्टिमापन शिकले तेव्हा रुग्णाला उत्तरे पाठ असण्याचा धोका शिकवलेला होता. म्हणून तक्ता उलटा करतात, अक्षरे क्रम सोडून विचारतात. मी तेही केले होते. पण दोनशे मागांच्या आवाजात वर्षानुवर्षे एकमेकांच्या बोटांवर काम केलेली माणसे खुर्चीत बसली म्हणून एकटी पडत नाहीत, हे कोणत्या पुस्तकात असणार?

मग चाचा आले. वयनींनी त्यांना खुर्चीत बसवले. मी छडी सर्वांत मोठ्या अक्षरावर ठेवली.

"चाचा, कुठल्या बाजूला?"

चाचांनी तक्त्याकडे तोंड केले. मान वळली नाही. "परसों सुभाष ने पढ़ा था, बेटी," ते म्हणाले. "मैंने तो सिर्फ हाथ हिलाया."

मी त्यांना पुढे घेत गेले. दोन मीटरवर उजव्या डोळ्याला वरचे अक्षर दिसले. डाव्याला तेही नाही, जवळ हललेला हात तेवढा कळत होता. टॉर्च डोळ्यावर धरला तर बाहुली काळी नव्हती. पिकलेल्या जांभळाच्या जागी दूध ठेवावे तशी होती. ते पाहायला डॉक्टरांची गरज नव्हती. मंगळवारी मी टॉर्च उचलला असता तर मलाही दिसले असते.

मग ते काम कसे करत होते? सुभाष सांगू लागला, चाचा मधून मधून दुरुस्ती करत. बारा मागांच्या गोंधळात कोणता थांबला हे चाचांना आवाजावरून कळते. तुटलेला तार ते बोटाच्या मागच्या बाजूने शोधतात. गाठही मारतात. पण तो तार मागातल्या बारीक छिद्रातून ओवायचा असला की सुभाष येतो. "आणि मी चहाला गेलो की माझे सहा पण तेच ऐकतात. माझा माग बिघडायच्या आधी चाचांना कळतं. डोळे माझे, कान त्यांचे."

"ऑपरेशननंतर दिसेल?" चाचांनी विचारले. म्हणजे विचारले असे, "बनवा ली तो दिखेगा?"

"दिसेल. बहुधा चांगलं दिसेल. आधी उजवा डोळा. पण त्यानंतर महिनाभर या धुळीत जायचं नाही."

अडचण तिथेच होती. महिनाभर बारा तासांची पाळी रिकामी राहत नाही. जो बदली बसेल तो उठेलच असे नाही. पंचवीस वर्षे ज्या सहा मागांवर काढली ते गेले तर चार महिने लपवून ठेवले ते कशासाठी?

"आम्ही तिघं वाटून चालवू," सुभाष म्हणाला.

"और मेहता को क्या बोलेंगे?"

मेहताजींशी मी बोलते, असे मी म्हणाले. चाचांनी हात जोडून नको म्हटले. ते उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेले, तो माझ्या खांद्यावर पडला. "सोचेंगे, बेटी."

त्या सकाळी मंगळवारच्या यादीतले अकरा जण परत मिळाले. नऊ जणांना चष्मा पुरणार होता. दोघांना मोतीबिंदू. दुसऱ्याने लगेच होकार दिला. चाचांचे नाव मी यादीत पेन्सिलने लिहिले.

खारबाव, गुरुवार दुपार

खारबावला पोचले तेव्हा ऊन चढले होते. भात कापून गेलेल्या खाचरांत वालाचे वेल पसरलेले, बांधावर बगळे, लांब खाडीचा चकाकणारा पट्टा. यंत्राचा आवाज नाही. कानांना काही कमी पडल्यासारखे वाटत राहिले. डॉक्टरांनी शाळेच्या व्हरांड्यात बस्तान मांडले होते आणि टेकडीवरच्या पाड्यांतले आदिवासी चालत उतरले होते.

एका म्हातारीची पाळी आली. तिने तक्त्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "न्हाय दिसं."

"आजी, निदान वरचं मोठं?"

"न्हाय दिसं तं न्हाय दिसं. त्यात काय चोरी हाय?"

तिच्या मागच्या बायका हसल्या. तिचा मुलगा म्हणाला की आईला दोन वर्षांपासून दिसत नाही, पण ती मोहाची फुले अजून हाताने चाचपून गोळा करते आणि इतरांच्यापेक्षा तिच्या टोपलीत कचरा कमी असतो. म्हातारी म्हणाली, तो उगीच सांगतो, कचरा तितकाच असतो. बसने येणार का, असे विचारल्यावर तिने एकच शंका काढली: रुग्णालयात तंबाखू चालते का. डॉक्टर म्हणाले, पट्टी सुटेपर्यंत नाही. तिने थोडा विचार केला आणि यादीत अंगठा दिला.

मला हे सोपेपण हवेहवेसे वाटले आणि त्याच वेळी चाचांची लपवाछपवी अधिक समजली. म्हातारीचे न दिसणे तिच्यापासून काही हिरावून घेणार नव्हते. शाळेतल्या बाईंनी ताक दिले, त्यात मीठ जास्त होते. मी दोन पेले प्यायले. संध्याकाळी यादी मोजली तेव्हा बसमधल्या जागा भरल्या होत्या. पेन्सिलचे नाव धरले तर एक जण जास्त होत होता.

"खोडू का?" मी विचारले.

"तो आला तर मी उभा राहीन," डॉक्टर म्हणाले. "नाही आला तर बसेन. खोडू नकोस."

टेमघर, शुक्रवार सकाळ

शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी असते. पावणेसातला मी रस्त्यावर उभी होते आणि तीन दिवसांत प्रथमच मला टेमघरातले कावळे ऐकू आले. खारबावहून जीपने आलेली म्हातारी खिडकीशी बसली. वयनींनी प्रत्येकाला केळे दिले, उपाशीपोटी जायचे नाही ना याची दोनदा खात्री करून. सातला पाच कमी असताना सुभाष धावत आला. चाचा खोलीत नव्हते. नमाजाला गेले असतील म्हणून तो मशिदीपाशी जाऊन आला, तिथेही नव्हते. मी ड्रायव्हरला पाच मिनिटे मागितली. नंतर आणखी पाच. यादी हातात होती, खोडरबर खिशात होते, आणि मी ते बाहेर काढणार नव्हते.

सात वाजून अकरा मिनिटांनी कोपऱ्यावरून एक स्कूटर आली. चालवणारे मेहताजी होते. मागे, त्यांच्या कमरेला दोन्ही हातांनी धरून, मांडीवर कापडाची पिशवी घेतलेले रहमतचाचा.

सुभाषचा चेहरा पडला. मेहताजींनी स्कूटर स्टँडवर लावली, चाचांना हाताला धरून उतरवले आणि माझ्याकडे वळले. "मॅडम, मंगळवारी मला दारात कशाला बसवलंत? माझ्याकडे बघून या लोकांनी एका दिवसात सगळ्यांचे डोळे बरे केले."

मी माझी चूक कबूल केली.

"आणि तू," ते सुभाषला म्हणाले, "तुला वाटतं मला कळत नाही? यांच्या ताग्यात दोन जातीच्या गाठी येतात. एक आजमगढची, एक सोलापूरची. रोज कापड मी बघतो, सेठ बघत नाही."

"मग बोलला नाहीत कधी?"

"विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं. तुम्ही सांगितलं असतं तर मला लिहावं लागलं असतं."

मुलुखाला जाणे ही इथली ठरलेली रीत आहे, हे मला नंतर सुभाषने समजावले. विणकर वर्षातून एकदा महिना-दीड महिना गावी जातो. तो परत येईपर्यंत बदली बसतो आणि तो आला की बदली उठतो. मुलुखाहून आलेल्या माणसाची जागा कोणी घेत नाही. तसे केले तर दुसऱ्या दिवशी सगळा कारखाना उठेल. आदल्या संध्याकाळी चाचा स्वतः मेहताजींच्या घरी गेले होते, चाचपडत, विचारून विचारून, आणि रात्री तिथेच राहिले होते. त्यांनी काय सांगितले ते मला कळले नाही. मेहताजींनी हजेरीत काय लिहिले ते मात्र त्यांनी आम्हाला सांगितले: रहमत, मुलुख गया.

"या वर्षी मुलुख ठाण्याला," ते म्हणाले आणि स्कूटरला किक मारली. ती तिसऱ्या किकला सुरू झाली.

चाचा बसच्या पायरीशी थांबले. पायरी किती उंच ते पायाने पाहिले. सुभाषने आपोआप बोटे वर केली, दोन, दोन पायऱ्या, मग हसला आणि तोंडाने म्हणाला, "दोन आहेत, चाचा." डॉक्टर ठाण्यापर्यंत दांडीला धरून उभे राहिले. मी जागा देऊ केली, त्यांनी घेतली नाही. माझ्या छातीवरचे ओझे ठाण्याच्या तोंडावरच्या माजिवड्याच्या अलीकडेच कुठेतरी उतरले असावे, कारण ठाण्याला पोचल्याचे मला कोणीतरी जागे करून सांगितले.

ठाणे, शनिवार

शस्त्रक्रिया शुक्रवारी दुपारी झाली. डॉक्टरांनी सांगितले की भिंग घट्ट पिकलेले होते, वेळ लागला, पण नीट निघाले. शनिवारी सकाळी एकेकाची पट्टी सुटत गेली. खारबावच्या म्हातारीने पट्टी निघताच पहिल्यांदा खिडकीबाहेरचे झाड कोणते ते विचारले आणि मी सांगितलेले नाव चूक आहे असे मला ठणकावले. चूक होतेच.

चाचा शेवटचे होते. सुभाष आला नव्हता. तो टेमघरला स्वतःचे सहा आणि चाचांच्या सहांतले आपल्या वाट्याचे माग चालवत होता. खोलीत चाचा, मी आणि सहा मीटर. परिचारिकेने पट्टी काढून डोळ्याची कड ओल्या कापसाने पुसली. चाचांनी डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. बराच वेळ ते माझ्याकडे पाहत राहिले.

"तुम तो बहुत छोटी हो," ते म्हणाले. "आवाज से मैं समझा कोई चालीस की होगी."

मी तक्त्यापाशी गेले. छडी वरच्या ओळीवर ठेवली. त्यांनी हात उजवीकडे केला. दुसरी ओळ, खाली. तिसरी. मान सरळ होती. चौथ्या ओळीपर्यंत ते न थांबता आले आणि पाचवीवर अडले. शस्त्रक्रियेला एकच दिवस झालेला, डोळा अजून सुजलेला. मी एवढ्यावर थांबणार होते. पण नियमाप्रमाणे बारीक भोकाची काळी चकती डोळ्यासमोर धरून पाहायचे असते, म्हणजे योग्य चष्मा दिल्यावर किती दिसेल त्याचा अंदाज येतो. मी चकती त्यांच्या हातात दिली.

पाचवी ओळ त्यांनी सावकाश वाचली. सहावीवर त्यांचा हात हवेत थांबला. मी थांबले. घाई केली नाही. मग हात वर गेला, डावीकडे गेला, खाली आला, पुन्हा डावीकडे गेला, आणि मी प्रत्येक वेळी छडीच्या टोकाकडे पाहून पडताळले. सातव्या ओळीला त्यांनी हसून मान हलवली. तिथे खरेच काही दिसत नव्हते, आणि त्यांनी ते सांगितले.

मी खुर्चीवर बसले आणि वही उघडली. मंगळवारची ६/१२ ची नोंद एका रेघेने काढली, बाजूला सही केली. तिच्याखाली आजची तारीख, उजवा डोळा, चकतीतून:

६/९